मागच्या खोलीची लाइन

लहूला तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. भांडुपच्या एका एसीवाल्याकडे आम्ही बरोबर होतो, मी सुपरवायझर, तो मेकॅनिक. गाव कुडाळच्या बाजूचं, वडील गिरणीत होते, घरात अजून मालवणीच बोलतात. अंगाने काटक, बोलायला कमी. आणि एक गोष्ट होती त्याची. त्याला किळस म्हणून माहीतच नव्हती.

श्वेता, तुला वाटतं एसीचं काम म्हणजे थंड हवेचं काम. अगं, आत काय काय निघतं! मेलेले उंदीर, कबुतराची कुजलेली पिल्लं, झुरळांची अंडी, वर्षाची साठलेली बुळबुळीत शेवाळी. बाकीची पोरं तोंडाला रुमाल बांधून लांबून काठीने ढोसायची. लहू सरळ हात घालायचा, काढायचा, साबणाने हात धुवायचा आणि चहा मागायचा. त्यामुळे त्याने मला जे सांगितलं, ते मी खोटं मानत नाही. आणि शेवटचं तर मी स्वतः पाहिलेलं आहे.

चोवीस मे, दोन हजार चोवीस. शुक्रवार. अमावस्या-बिमावस्या काही नाही रे कृणाल, उलट आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती. संध्याकाळी साडेपाचला फोन आला तो माझ्याच मोबाइलवर. नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक टॉवर आहे, त्यात नवव्या मजल्यावर आम्ही बुधवारी डक्टचा एसी बसवला होता. म्हणजे मशीन छतात लपवलेलं, आणि भिंतीवर फक्त थर्मोस्टॅट. ती चौकोनी पाटी असते ना, खोलीचा आकडा दाखवते आणि तिच्यावरूनच मशीन चालू-बंद होतं, ती.

"नवा कोरा माल आहे यार," घरमालक राजेश फोनवर वैतागला होता. "पाटीवर काही येतच नाही. बुधवारी तुमच्या माणसाने चालवून दाखवला वीस मिनिटं. तो गेला आणि संपलं. मेलाय तो."

मी लहूला पाठवलं. किरकोळ काम. पाटीत लाइट नाही म्हणजे कुठेतरी वायर सुटली असणार. अर्ध्या तासात मोकळा होशील, असं मीच त्याला म्हणालो.

सव्वासातला तो पोचला. दार राजेशच्या बायकोने उघडलं, रुचिराने. घर झकास होतं, नवा रंग, नवं सीलिंग, पायाखाली चकचकीत लाद्या. फक्त एका घरात किती उदबत्त्या लावाव्यात? हॉलमध्ये तीन, स्वयंपाकघरात दोन, पॅसेजमध्ये खाली लादीवर एक आख्खा पुडा पेटवलेला. लहूचे डोळे चुरचुरायला लागले.

त्याने पाटी भिंतीवरून उतरवली, मागच्या वायरींना मीटर लावला. शून्य. म्हणजे पाटी चांगली होती, तिच्यापर्यंत करंटच येत नव्हता. मग तो दारामागच्या मेन बोर्डापाशी गेला. ओळीत आठ स्विच. सात वर. शेवटचा खाली. आणि तो कुणी चुकून वर करू नये म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी लावलेली. इन्सुलेशनची नव्हे, जखमेवर लावतात ती, दवाखान्यातली. जुनी, पिवळी पडलेली.

"साहेब, ही कसली लाइन?"

"मागच्या खोलीची. ती रात्रीची बंद असते," राजेश म्हणाला. मग लगेच, "म्हणजे... बंदच असते. तिथे आता माझं ऑफिस करायचंय."

लहूच्या लक्षात आलं. वायरमनने पाटीसाठी लाइन घेतली होती ती नेमकी याच स्विचवरून; बुधवारी मशीन तात्पुरत्या वायरवर चालवून दाखवलं होतं, म्हणून तेव्हा कळलं नव्हतं. त्याने पट्टी सोलायला नख लावलं.

"दादा, ती नका ना लावू," रुचिरा मागून म्हणाली. "दुसरीकडून घ्या ना लाइन."

"दुसरीकडून घ्यायची तर नवा रंग फोडायला लागेल, वहिनी."

नवा रंग म्हटल्यावर ती बाजूला झाली. लहूने स्विच वर केला.

पाटी पेटली. हिरवा आकडा आला. एक्केचाळीस.

बाहेर मेचा उकाडा होता, कबूल. पण मुंबईत रात्री एक्केचाळीस? सेन्सर बिघडला असेल म्हणून लहू वाकून बघतोय, तेवढ्यात पाटी विझली. त्याने बोर्डाकडे पाहिलं. स्विच वरच होता.

आता नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. एसी चालला की पाणी सुटतं. ते जमायला मशीनच्या खाली एक पत्र्याचा ट्रे असतो, आणि ट्रेमधून पाइप बाहेर जातो. पाइप तुंबला, ट्रे भरला, तर पाणी सीलिंगमधून घरात गळणार. तसं होऊ नये म्हणून ट्रेमध्ये एक फ्लोट असतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा, पण छोटा. पाणी वर आलं की तो वर येतो आणि पाटीची लाइनच तोडतो. मेन लाइन चालू आणि पाटी बंद, याचा अर्थ एकच. ट्रे भरलेला आहे.

पण मशीन चाललं होतं सगळं मिळून वीस मिनिटं. तेवढ्यात वाटीभर पाणी साठलं तर खूप झालं.

लहूने शिडी पॅसेजमध्ये लावली. मशीनचं झाकण तिथेच होतं, मागच्या खोलीच्या बंद दारासमोर. त्याने स्क्रू काढले, झाकण खाली ओढलं.

आणि वास आला.

लहू मला म्हणाला, "दशरथदा, मेलेल्या जनावराचो वास माका म्हायत आसा. ह्यो तो नव्हतो." हा जिवंत माणसाचा वास होता. एकाच कुशीवर महिनोन्महिने पडलेल्या माणसाचा. मुताचा, घामाचा, आणि त्याच्या खाली अजून एक... गोडसर. पाठीला जखमा झाल्या आणि कुणी त्या पुसल्या नाहीत की येतो तो.

रुचिराने ओढणी नाकावर दाबली आणि मागे सरली. राजेश तर हॉलमध्येच होता.

लहूने टॉर्च मारला. ट्रे काठोकाठ भरला होता. पाणी नव्हतं ते. पेजेसारखं दाट, पिवळट, वर गुलाबी साय धरलेली. साय हलत होती. त्याने बादली खाली टेकवली, शिडीवर चढला आणि नेहमीसारखा हात घातला.

कोमट होतं.

एसीच्या ट्रेमधलं पाणी बर्फासारखं असतं रे. हे अंगाइतकं कोमट होतं.

त्याने मग्याने उपसायला सुरुवात केली. त्या ट्रेमध्ये मावतं अर्धी बादली. त्याने एक बादली भरली, संडासात ओतली. दुसरी भरली, ओतली. ट्रे तसाच. बोटांना कापसाचे बोळे लागत होते. जाळीच्या पट्टीचे तुकडे, एका बाजूने हिरवे झालेले. मग त्याने पाइपच्या तोंडात बोट घातलं, तिथेच तुंबलं होतं. काहीतरी हाताला लागलं. त्याने ओढलं.

केस.

हातभर आले. अजून ओढले. अजून आले. बाईचे केस, चिकट, गुंता झालेले. त्याने टॉर्चच्या उजेडात धरून पाहिले. टोकाकडे मेंदीचे लाल. आणि मुळाकडे वीतभर पांढरे. वर्षभर कुणी मेंदी लावून दिली नव्हती त्या बाईला...

काय गं श्वेता? नको सांगू पुढे? सांग म्हणतेस? बरं, मग ऐक.

लहू ते केस ओढत होता. ओढता ओढता ते अडकले. त्याने जरा जोर लावला.

आतून कुणीतरी कण्हलं.

त्याने हातातले केस सोडले.

अंधार. टॉर्च काखेत धरलेला. समोर मशीनचा पत्रा, त्याच्या मागे सीलिंगची पोकळी. मागच्या खोलीच्या वर जाणारी. तिथे माणूस मावत नाही. मांजर जेमतेम जाईल.

काही नव्हतं.

मग अगदी जवळून... कानाशी...

"गरम जाता रे बाबा..."

म्हातारी बाई. जीभ जड झालेली. अर्धांग झालेलं माणूस बोलतं तसं.

"वारो घाल रे... वाइच वारो घाल..."

दुसरा कुणी असता तर शिडीवरून उडी टाकून पळाला असता. मी पळालो असतो. पण लहूला मालवणीत कुणी काही मागितलं की तो आपल्या आईशी बोलावं तसं बोलतो. त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "होय गे आये. घालतंय."

गप्प. मग एक श्वास. लांब. ओला.

तो खाली उतरला. कोपरापर्यंत हात भरलेले. तसाच हॉलच्या दारात उभा राहिला.

"मागच्या खोलीत कोण होतं?"

राजेश टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता.

"कोणी नाही. आत्या होती आमची, शकुआत्या. गेल्या वर्षी गेली मेमध्ये. वय झालं होतं."

"रात्रीची लाइन कशाला बंद करत होता?"

राजेशने नुसता रिमोट उचलला. रुचिराच बोलली. तिला राग आला होता. "बेल दिली होती त्यांना पलंगाला बांधून. रात्रभर वाजवायच्या. पाणी द्या, कूस बदला, हे करा, ते करा. आम्हाला सकाळी कामाला जायचं असतं. आम्ही माणसंच आहोत ना?"

"पंखा पण त्याच लाइनवर होता?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"वहिनी, पंखा?"

"सगळंच त्याच लाइनवर होतं," ती म्हणाली. "चौदा महिने. फ्लॅट त्यांचा होता म्हणून काय आम्ही... तुम्हाला नाही कळायचं. हाच वास होता. अगदी हाच. माझं जेवण तुटलं होतं या वासाने. एवढा खर्च करून सगळं नवीन केलं, आणि परत हाच वास! काढा ना तो, प्लीज. पूर्ण धुऊन काढा."

तेव्हा लहूला ओकारी आली.

ट्रेमध्ये हात घातला तेव्हा नाही आली. केस ओढले तेव्हा नाही आली. तिचं ते बोलणं ऐकून आली. तिथे त्यांच्या बेसिनमध्येच तो ओकला. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड धुतलं, हात धुतले. कोपरापर्यंत, तीनदा. मग पॅसेजमधून गेला आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

रिकामी खोली. नवा पांढरा रंग. नवं सीलिंग. पंखा काढून टाकलेला, आता एसी आला म्हणून. खिडकी पक्की बंद. आणि उकाडा असा की चुलीसमोर बसल्यासारखा. त्याने खिडकी उघडायचा प्रयत्न केला. उघडेना, रंगाने चिकटली होती.

"पलंग कुठे होता?"

राजेश दारापर्यंत आला होता. त्याने बोट दाखवलं. भिंतीच्या कडेला.

थर्मोस्टॅट ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता ते खोकं पॅसेजमध्ये पडलं होतं. लहूने त्याचं झाकण फाडलं. भिंतीजवळ लादीवर मांडी घालून बसला. आणि वारा घालायला लागला.

रिकाम्या जागेला.

तुम्ही हसत नाही आहात, बरं आहे. तो मला सांगत होता तेव्हा मीही हसलो नाही. समोर काही दिसत नव्हतं, तो म्हणाला. पण पुठ्ठा पुढे गेला की हवा कशालातरी लागत होती. मोकळ्या हवेत हलवतो तसा हलत नव्हता तो. आणि श्वास ऐकू येत होता. आधी धापा. मग जरा सावकाश.

दहा मिनिटं. पंधरा. हात भरून आला तेव्हा तो दाराकडे बघून म्हणाला, "साहेब, या. आता तुम्ही घाला."

राजेश उंबऱ्यावर उभा.

"तुमची आत्या आहे ना? या. पाच मिनिटं घाला. काही करत नाही ती."

राजेशने एक पाय आत टाकला. लहूला वाटलं, येतोय. खरंच वाटलं. त्याने बसल्या जागेवरून पुठ्ठा पुढे केला. राजेशचा हातही पुढे आला.

मग श्वास थांबला. सगळ्या खोलीत थांबला. वाट बघितल्यासारखा.

आणि राजेश म्हणाला, "नाही... नाही जमणार मला. वास येतो."

त्याने हात मागे घेतला. पाय मागे घेतला.

खोलीत काहीच झालं नाही. दार आपटलं नाही, लाइट गेली नाही. कुणी ओरडलं नाही. फक्त खूप वेळाने लहूच्या समोर, अगदी हळू, कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटलं. भिंतीकडे तोंड केल्यासारखं.

लहूने पुठ्ठा परत घेतला आणि स्वतःच घालत राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. पॅसेजमधून पाणी वाहून गेल्याचा आवाज आला, पाइपमधून, गळा मोकळा व्हावा तसा. आणि बाहेर हॉलमध्ये पाटी पेटली. रुचिरा आकडे मोठ्याने वाचायला लागली. एक्केचाळीस. छत्तीस. तीस. सव्वीस.

"झालं चालू!" ती म्हणाली. तिला आनंद झाला होता रे. तिला खरोखर आनंद झाला होता.

लहूने शिडी चढून ट्रे बघितला. कोरडा ठणठणीत. पत्रा नवा, वरचा प्लास्टिकचा कागदही तसाच. झाकण लावलं, सामान उचललं, निघाला. रुचिरा चहा विचारत होती. त्याने नको म्हटलं. लहूने चहा नको म्हटलं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

लिफ्टपाशी शेजारचं दार उघडलं. रत्नप्रभा म्हणून एक बाई राहतात तिथे, साठीच्या. दार अर्धंच उघडून त्यांनी विचारलं, "तो वास परत आला का हो?"

"तुमका म्हायत होतां?" लहू मालवणीतच बोलून गेला.

बाईंनी मागे वळून आपल्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बेल मला ऐकू यायची. भिंत एकच आहे ना. नंतर बेल बंद झाली, मग ती हाताने भिंत वाजवायची. मी सोसायटीत तक्रार केली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "वासाची केली. बाईची नाही केली."

लिफ्ट आली. लहू आत शिरला. साडेदहा वाजले होते.

त्याने मला हे सगळं दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागे बसून सांगितलं, आणि वर म्हणाला, त्या घरात आता मला पाठवू नका. तशी वेळ आली नाही. त्या पाटीची तक्रार पुन्हा आली नाही. आत्या त्या घरात पुन्हा कुणाला ऐकू आली नाही, दिसली नाही. माझ्या मनात यायचं, गेली असेल बिचारी. वारा मिळाला, गेली.

मग जुलैत राजेशचा फोन. फ्लॅट विकला, कांदिवलीला जातोय, मशीन उतरवून न्यायचंय, येऊन बघून जा. लहू जाणार नव्हता, म्हणून मीच गेलो. रविवार, दुपारचा दीड. माणूस ओळखू येईना. दोन महिन्यांत गळ्याची हाडं वर आली होती. त्यांचं जेवण चाललं होतं. रुचिराने माझ्यासमोर कुकर उघडला, वाफ आली, भात वाढला, आधी आपल्या ताटात, मग त्याच्या. वर वरण. मग ती आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेली. दार लावून घेतलं.

राजेश टेबलाशी एकटा बसला. मी उभ्या उभ्या त्याला पाइप किती लागेल, कुठून काढावा लागेल, ते सांगत होतो. पाचएक मिनिटं झाली असतील. ताटातून अजून वाफ निघत होती. माझ्या नाकाला आंबूस वास आला, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, लहूने सांगितला होता तसा. मी खाली पाहिलं.

राजेशने घास उचलला. भाताला तार सुटली होती. बोटांपासून ताटापर्यंत, लांब, चिकट, पिवळी तार. कुकरमधला भात तसाच पांढरा मोकळा दिसत होता.

मी बोलायचा थांबलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ती तार दुसऱ्या हाताच्या बोटाने सवयीने तोडली, घास तोंडात घातला, आणि गिळला.